हजेरी

माझी नोकरी ३० ऑगस्टला संपली आणि रेल्वेचा पास १९ सप्टेंबरला. मधले वीस दिवस पर्समध्ये डोंबिवली ते घाटकोपर चालू पास होता आणि जायला ठिकाण नव्हतं. नोकरी गेल्याचं दुःख वगैरे सगळं नंतर आलं. पहिला आठवडा हळहळ वाटली ती पासाची. सेकंड क्लासचा पास, रक्कम ती काय! पण पैसे भरलेत, दिवस शिल्लक आहेत आणि वापर शून्य, हे काही डोक्यातून जाईना. सोळा वर्षं अकाउंट्समध्ये बिलं तपासणाऱ्या बाईचं डोकं याहून वेगळं काय चालणार?

कंपनीचं नाव लिहीत नाही. फार वाईट वागले असंही नाही. एका छोट्या मीटिंग रूममध्ये एचआरची एक मुलगी माझ्याशी अकरा मिनिटं बोलली. समोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून मिनिटं माहीत आहेत. मुलगी माझ्या लेकीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. व्हेंडरांच्या बिलांचं काम आता हैदराबादहून होणार, त्यातली निम्मी बिलं सॉफ्टवेअरच वाचणार, नोटीस पिरियडचा पगार मिळेल, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशेब, पंचेचाळीस दिवसांत. एवढं बोलून तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. या वाक्यानंतर पाणी द्यायचं, असं तिला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असणार. मी प्यायलेही. तहान नव्हती, पण तिला बरं वाटावं म्हणून.

माझं काम नक्की काय होतं, हे घरीही कुणाला नीट कळलेलं नव्हतं. बिल आलं की ते परचेस ऑर्डरशी जुळतंय का, माल खरंच आत आलाय का, जीएसटी बरोबर लावलाय का, टीडीएस किती कापायचा, हे बघायचं आणि पुढे ढकलायचं. एकदा एकाच पुरवठादाराची दोन बिलं आली. रक्कम तीच, तारखेत दोन दिवसांचा फरक. सिस्टीमला ती वेगवेगळी वाटली, कारण एकाच्या नंबरात शून्य होतं आणि दुसऱ्याच्या नंबरात त्याच जागी इंग्रजी ओ. मला ते दिसलं. कसं दिसलं ते सांगता येणार नाही. तांदळात खडा दिसतो तसं दिसलं. पावणेचार लाख रुपये दुसऱ्यांदा जाता जाता वाचले. हे सीव्हीत कसं लिहायचं यावर मी नंतर दोन दिवस घालवले. शेवटी ‘अटेन्शन टू डिटेल’ असं लिहिलं, जे प्रत्येकाच्याच सीव्हीत असतं, आणि खडा तांदळातच राहिला.

त्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, गणपती ७ सप्टेंबरला बसले. बेकार होऊन माझा आठवा दिवस. सासरचा गणपती पेणला असतो. चुलत-मामे धरून चाळीसेक माणसं. मोदकांची उकड काढताना चुलत सासूबाईंनी विचारलं, “ऑफिस कसं चाललंय?” मी म्हटलं, “चाललंय.” खोटं नव्हतंच ते. ऑफिस चाललंच होतं.

दिवाळीपर्यंत मात्र सगळ्यांना कळलं, आणि मग मला आनंदी ठेवण्याचं काम सार्वजनिक झालं. जाऊबाई रोज पहाटे सूर्योदयाचं चित्र पाठवू लागल्या. त्याखाली एक दार बंद झालं की दुसरं उघडतं अशा अर्थाचा मजकूर. एका मावसबहिणीने व्हिजन बोर्ड करायला सांगितला: जे हवंय त्याचं चित्र कपाटावर चिकटवायचं आणि रोज सकाळी त्याकडे बघायचं. मला काय हवं होतं? एक चाकांची खुर्ची, दोन मॉनिटर आणि महिन्याच्या सात तारखेला पगाराचा मेसेज. खुर्चीचं चित्र कपाटावर लावून तिच्याकडे बघत बसायचं म्हणजे फारच झालं. शेजारच्या काकूंनी तर अभिनंदनच केलं. “बरं झालं, आता जरा घराकडे बघायला मिळेल.” मी बावीस वर्षं पहाटे पाचला उठून कुणाच्या घराकडे बघत होते, हे विचारायचं ओठांवर आलं होतं.

या लोकांचा मला राग नाही. पण माझा एक समज झालाय, चुकीचाही असेल. बेकार माणसाने हसत राहावं हा आग्रह निम्मा तरी आग्रह करणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. तुमचं उतरलेलं तोंड बघून त्याला स्वतःचा ईएमआय आठवतो.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी मी आणि लेक फडके रोडवरून चाललो होतो. ती दोन पावलं पुढे जाऊन थांबायची, मागे बघायची, पुन्हा चालायची. शेवटी म्हणाली, “आई, तू किती हळू चालतेस गं!” मी! घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्यावर माणसं कोपराने बाजूला सारत जाणारी बाई मी. घरी आल्यावर तिने मला मारिएनथालची गोष्ट सांगितली. ती समाजशास्त्रात एम.ए. करते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे एक अभ्यास असतो. एरवी मी अर्धं ऐकते. हे सगळं ऐकलं, कारण ती गोष्ट गिरणीची होती आणि मी गिरणी कामगाराची मुलगी आहे.

मारिएनथाल ही ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळची गिरणी कामगारांची वसाहत. सगळं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. १९२९-३० मध्ये मंदीत ती बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक तिथे गेले आणि काम गेल्यावर माणसांचं काय होतं ते त्यांनी बारकाईने टिपलं. लोकांनी दिवसभराचा वेळ कसा घालवला त्याच्या नोंदी घेतल्या. मुख्य रस्त्यावरून कोण किती वेगाने चालतं, किती वेळा थांबतं, हे आडोशाला उभं राहून घड्याळ लावून मोजलं. पुरुष बायकांपेक्षा हळू चालायचे आणि मध्येच थांबायचे. बहुतेकांनी खिशात घड्याळ ठेवणं सोडून दिलं होतं. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली. वेळ तर दिवसभर मोकळा होता, तरी. हे सगळं १९३३ मध्ये छापून आलं.

माझं घड्याळ फ्रिजवरच्या वाटीत होतं. किल्ल्या, सेफ्टी पिना आणि ते. कधी ठेवलं ते आठवेना.

त्या अभ्यासातली एक गोष्ट लेकीने जाता जाता सांगितली, ती मला जास्त लागली. संशोधकांचं म्हणणं असं, की बायकांच्या बाबतीत बेकार हा शब्द पुरता लागू पडत नाही. त्यांची कमाई गेली, काम कुठे गेलं? घर होतंच, दिवस भरलेलाच होता, म्हणून त्यांची चाल मंदावली नाही. आणि तरीही त्यातल्या अनेक जणी म्हणत होत्या, की गिरणी उद्या सुरू झाली तर आम्ही उद्या जाऊ, आणि केवळ पैशांसाठी नव्हे. शेजारच्या काकूंना हे वाचून दाखवावं असं फार वाटलं.

मग माझीच चाल का मंदावली? घरात कामं तर मलाही होती. पण माझी आई कशी चालायची ते मला आठवत होतं. आई लालबागला खानावळ चालवायची. आमची दहा बाय दहाची खोली, बाहेर जिन्याखाली स्टोव्ह, आणि गिरणीतले पंधरा-सोळा गडी दोन वेळा जेवायला. अशा खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यातूनच आईला बँकेचं कर्ज मिळालं होतं आणि त्याचं तिला शेवटपर्यंत अप्रूप होतं. सही करून घेतलेलं कर्ज! मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी तेव्हा पाच वर्षांची. आईची गिऱ्हाइकं सगळी गिरणीतलीच, म्हणजे आप्पांचा पगार आणि आईची कमाई एकाच दिवशी थांबली. गडी उधारीवर जेवत राहिले. एकेक करून गावी गेले, वहीत नावं राहिली. संप मागे घेतल्याचं कुणी कधी रीतसर जाहीर केलं नाही. तो आमच्या घरात असाच विरत गेला. आई मात्र त्या दोन वर्षांतही धावतच असायची. आधी स्टोव्ह तिचा होता. मग लोकांच्या घरचे स्टोव्ह.

आप्पांना मी माझं सांगितलं नव्हतं. ते कल्याणला भावाकडे असतात, ऐंशीच्या घरात आहेत, कान थोडे गेलेत. दिवाळी उरकल्यावर एका बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. ते बाल्कनीत बसले होते.

“आज बुधवार न्हवं?”

“हो.”

“मंग तू हितं कशी?”

“सुट्टी आहे.”

माझ्याकडे बघत राहिले. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, आवाज एवढा, की तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. आप्पांना कान नसले तरी अडत नाही.

“किती दिस झालं?”

“अडीच महिने.”

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं आणि वहिनीला हाक मारली.

जेवण झाल्यावर ते बदलीच्या दिवसांबद्दल बोलत बसले. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं. पण यावेळी मी ते रेसिपी ऐकावी तसं ऐकलं: प्रमाण काय, आच किती.

आप्पा १९६८ मध्ये पाटण तालुक्यातून मुंबईला आले. गिरणीत एकदम कायम कुणी घेत नसे. आधी बदली. नेहमीचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. त्यासाठी रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत गेटवर हजर राहायचं. खात्यात कोण आलं नाही ते बघून जॉबर, म्हणजे मुकादम, बोट दाखवायचा: तू, तू आणि तू. उरलेले परत. दुपारच्या पाळीला पुन्हा यायचं. त्यातून ओळख असलेल्याचं बोट आधी, हे ओघानेच आलं. आणि एक हिशेब सगळे बदलीवाले मनात ठेवून असायचे, २४० चा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस भरले, की वर्षाची सलग नोकरी धरली जायची. तोपर्यंत बदलीवाला हा कामगार असूनही नसल्यासारखा. काम नसल्याने बसवलं तर कायम कामगाराला जी भरपाई मिळे, तीही त्याला नसे. दोनशेच्या वर दिवस गेले की जॉबरचं बोट आपोआप दुसरीकडे वळायला लागायचं, असं आप्पा सांगतात. सहा वर्षं त्यांनी गेटवर काढली.

“आणि घेतलं नाही त्या दिवशी काय करायचात?” हे मी कधीच विचारलं नव्हतं.

“करनार काय? खोलीवं जायाची सोय हुती व्हय? तितं रातपाळीवालं झोपल्यालं.”

एका गाळ्यात गावचे वीसेक जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. आप्पांची अंथरुणाची जागा दुपारपर्यंत दुसऱ्याची. त्यामुळे गेटवरून परत पाठवलेला माणूस घरी जाऊन पडूच शकत नव्हता. मग तालीम, नाहीतर वाचनालय. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले; त्यांच्यातल्या ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. डबा तिथेच खायचा. तीन वाजता पुन्हा गेटवर.

मला वाटायचं, आप्पा जिद्दी होते. असतीलही. पण त्या दुपारी कळलं, की जिद्दीच्या निम्म्या भागात खोलीवर जागा नसणं होतं. मला मात्र जागा होती. तीन खोल्यांचं घर, पंखा, वायफाय आणि सोफा. सकाळी नवरा आणि लेक बाहेर पडले की मी लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसायचे. अकरापर्यंत लिंक्डइनवर लोकांच्या बढत्या बघायच्या, मग कुकर.

दुसऱ्याच दिवशी मी अभ्यासिकेत नाव घातलं. स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, प्लायवूडच्या खोपटांसारखे कप्पे, प्रत्येकाला एक ट्यूबलाइट. सगळी एमपीएससी आणि बँकांच्या परीक्षांची मुलं. पहिल्या दिवशी शेजारच्या कप्प्यातल्या मुलाने अदबीने विचारलं, “काकू, तुम्ही कोणत्या पोस्टची तयारी करताय?” मी म्हटलं, “मिळेल त्या.” तो म्हणाला, “मी पण.” तेवढ्यात आमची मैत्री झाली. त्याने मला एक्सेलमधलं पॉवर क्वेरी शिकवलं, जे मी ऑफिसात दहा वर्षं दुसऱ्याकडून करून घेत होते. मी त्याला डेबिट-क्रेडिट शिकवलं. त्याचं अंकगणित चांगलं होतं. देणेकरी आणि येणेकरी यांत मात्र तो शेवटपर्यंत गडबडायचा.

घड्याळ वाटीतून काढलं. साडेआठ ते साडेबारा. एक वही केली, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, आणि पुढे ‘हजर’. बास. आधी मी एक्सेलमध्ये मोठी शीट केली होती: कंपनी, पद, अर्जाची तारीख, उत्तर, पुढची पायरी. ती उघडली की लाल रकानेच दिसायचे. कारण उत्तर हा रकाना भरणं माझ्या हातात नव्हतं, आणि मी रोज त्याचाच हिशेब लावायला बसत होते. शीट ठेवली, पण शनिवारपुरती. रोजची वही वेगळी. दिवसाला तीनच अर्ज, पण प्रत्येकासाठी सीव्ही बदलून. त्या शून्य आणि ओच्या गोष्टीला मी पुन्हा जागा दिली, दोन ओळींत, रकमेसकट. त्यानंतर फोन जास्त यायला लागले का? थोडे.

फोनवरचे प्रश्न पाठ झाले. करंट सीटीसी, म्हणजे आधीचा वर्षाचा पगार, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. या तिसऱ्या प्रश्नाला मी ‘शून्य’ म्हटलं की पलीकडचा आवाज एकदम खुलायचा. “अरे वा, इमिजिएट जॉइनर!” आपल्यावर कोसळलेल्या गोष्टीला इतकं छान नाव असेल, असं वाटलं नव्हतं. एकाने विचारलं, “सोळा वर्षं एकाच कंपनीत? का?” माझ्या पिढीला याचंच कौतुक झालं असतं. दुसऱ्याने विचारलं, वयाने लहान बॉस चालेल का. लेडीज डब्यात माझ्या निम्म्या वयाच्या मुली मला रोज “आँटी, आत सरका” म्हणतात आणि मी सरकते, हे सांगायला हवं होतं. मी नुसतं “हो” म्हटलं. बाकी, मुलाखतीनंतरचं ‘कळवतो’ मला नवं नव्हतं. २००१ मध्ये नऊ घरांनी कांदेपोहे खाऊन ‘कळवतो’ म्हटलं होतं. तेव्हा निदान पत्रिका जुळत नाही असं खोटं कारण तरी यायचं.

जानेवारीत ठाण्याच्या एका कंपनीत तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत त्यांनी कॅन्टीन दाखवलं. मी मनातल्या मनात डब्याऐवजी तिथे जेवायचं ठरवूनही टाकलं. मग आठ दिवस शांतता, आणि नंतर एक मेल, ज्यात माझं आडनाव चुकलं होतं. त्यानंतर चार दिवस मी अभ्यासिकेत गेले नाही. दात घासायलाही अकरा वाजायचे. नवऱ्याने आधी समजावलं, मग चिडला, मग शेव-पुरी घेऊन आला. शेव-पुरी खाल्ली, रडले आणि झोपले. वहीत ते चार रकाने कोरे आहेत. नंतर भरून टाकायचा मोह झाला होता. पण मागच्या तारखेने नोंद करू नये, हे हाडांत भिनलेलं आहे. पाचव्या दिवशी गेले तेव्हा शेजारच्या कप्प्यातला मुलगा म्हणाला, “काकू, लागली की काय पोस्ट? म्हटलं पेढे न देताच गेल्या.” त्याला बसवून येणेकरी-देणेकरी पुन्हा शिकवलं.

आता लोकलबद्दल. पास संपल्यावर मी ८.१४ ची फास्ट सोडलीच होती. सप्टेंबरात, पास चालू असताना एकदा गेले होते तेव्हा सगळ्यांनी “गावाला होतीस का?” विचारलं आणि मी मान हलवली. डिसेंबरात ठाण्याला एका सीएकडे कामाची विचारपूस करायला जायचं होतं, तेव्हा मुद्दाम तीच गाडी पकडली. डब्यात नेहमीचं: एक जण मटार सोलतेय, दोघी स्तोत्र म्हणताहेत, एक उभ्याने झोपलीय. मुंब्र्याचा डोंगर दिसायला लागला तेव्हा मी बोलून टाकलं, “माझी नोकरी गेली. ऑगस्टमध्येच.” मटार सोलणारीचा हात थांबला. सूर्योदयाचं चित्र कुणी दाखवलं नाही. “काय काम करायचीस गं तू?” हा पहिला प्रश्न. सोळा वर्षं आम्ही एकमेकींची बाळंतपणं, सासवा, पित्ताचे खडे सगळं जाणून होतो, पण कोण नक्की काय काम करतं हे कुणालाच धड माहीत नव्हतं. ठाणं येईपर्यंत मी जीएसटी आणि टीडीएस सांगितलं.

लेकीकडे यावरही अभ्यास होताच. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं, की नव्या कामाची खबर तुम्हाला कुणाकडून कळली. ओळखीतून कळलेल्यांमध्ये, वरचेवर भेटणाऱ्याकडून कळलेले शंभरात जेमतेम सतरा. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी सांगितलं होतं. हा निबंध १९७३ चा. कारण साधं आहे: जवळच्यांना जे माहीत ते आपल्यालाही माहीतच असतं. दूरच्या माणसाच्या जगात वेगळ्या बातम्या असतात. आमच्याकडे लांबच्या ओळखीने काम मागायला जीव लाजतो. मी तर पेणच्या चाळीस माणसांपासून दिवाळीपर्यंत लपवलं. त्या दिवशी लोकलमध्ये बोलले ते धीर करून नव्हे, डोंगर दिसल्यावर तोंडातून निसटलं म्हणून.

मार्चमध्ये एका अनोळखी नंबरवरून फोन आला. “मी निळ्या छत्रीवाली.” तिचं नाव मला सोळा वर्षांत माहीत नव्हतं; पावसात तिची मोठी पुरुषी छत्री सगळ्यांना टोचायची म्हणून आम्ही तिला मागून तसं म्हणायचो. म्हणजे तिला ते माहीत होतं! तिच्या विक्रोळीच्या ऑफिसात अकाउंट्समधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर चालली होती. बिलं तुंबणार होती, जीएसटीच्या दोन नोटिसांना उत्तरं द्यायची होती, आणि सहा महिन्यांसाठी कुणी यायला तयार नव्हतं. मुलाखतीला गेले. त्यांनी मला चाळीस बिलांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, बघा जरा. करंट सीटीसी कुणी विचारलाच नाही. पस्तिसाव्या बिलात परराज्यातल्या मालावरच्या आयजीएसटीच्या जागी राज्यातल्या मालावरचा सीजीएसटी-एसजीएसटी लावला होता, माल गुजरातहून आलेला असताना. मी पेन्सिलीने गोल केला. समोरचे साहेब म्हणाले, “सोमवारपासून येता?”

पगार आधीपेक्षा कमी आहे. किती कमी ते लिहीत नाही, नवऱ्यालाही एक हजार वाढवूनच सांगितलंय.

काल आप्पांना सांगायला कल्याणला गेले. पेढे नेले होते. बाळंतपणाची रजा, तिच्या जागी मी, ती आली की मी बाहेर, हे दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. समजल्यावर त्यांना हसू आवरेना. वहिनी आतून बघायला आली.

“म्हंजी बदलीच की गं!”

“हो, बदलीच.”

“किती दिस?”

“सव्वीस आठवडे. रजा तेवढीच असते आता, २०१७ पासून.”

आप्पा गप्प झाले. ओठ हलत होते. मला वाटलं, काही जुनं आठवलं. पण ते हिशेब करत होते.

“सा दिस धरलं तर एकशेछप्पन.”

“शनिवार-रविवार सुट्टी असते, आप्पा.”

“मंग एकशेतीस.” त्यांनी पेढा अर्धा मोडला, निम्मा माझ्या हातावर ठेवला. “दोनशे चाळिसाला एकशेधा कमी पडत्यात. दुसरीकडं बी नाव लावून ठेव.”